परंडेकरांस कळावे

परंडा, ३ डिसेंबर १९४७

गुरुलिंग,

आशीर्वाद लिहायला घेतला होता. पण तुझ्या पत्रकाचा चौथा अंक समोर पडलेला आहे आणि हात पुढं सरकत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

अंक धुळाप्पानं घोंगडीच्या घडीतून आणला. त्याची मेंढरं निजामाच्या हद्दीच्या अलीकडं-पलीकडं चरतात, त्यांना कोणी परवाना विचारत नाही. 'परंडेकरांस कळावे' हे नाव तू चांगलं ठेवलंस. गाव सोडून बार्शीला गेलेल्या माणसांना गावची खबर मिळावी, हा हेतूही चांगला. मजकुराबद्दल मात्र बोलणार, कारण तुला पाटीवर अक्षर मी गिरवायला लावलं होतं.

रामकिसनची आडत लुटली, असं तू लिहिलंस. आडत लुटली नाही. सरकारी धान्याच्या लेव्हीत पोती नेली, पावती दिली. अन्याय आहेच, पण तो लूट नव्हे, आणि रामकिसन ती पावती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसलेला असतो. वेशीजवळच्या आडात विष कालवलं, असं लिहिलंस. आडात कुत्रं पडून मेलं होतं. आठ दिवस पाणी पिऊ नये अशी दवंडी दिली, तिचा मजकूर मीच लिहिला. त्या कुत्र्याचं बार्शीला जाईपर्यंत विष झालं.

आता तिसऱ्या पानाचं. 'परक्या सत्तेच्या दवंडीचा मजकूर आपल्यातलेच काही सुशिक्षित हात लिहीत असतात. त्या हातांची नोंद ठेवली जाईल.' नाव घातलं नाहीस, ही मेहरबानी. पण परंड्यात दवंडीचा मजकूर लिहिणारे हात दोनच आहेत आणि ते दोन्ही माझे.

ते हात काय करतात, ते तुला ठाऊक आहे. तहसिलीतून उर्दू इश्तिहार येतो, मी त्याचा मराठी मजकूर करतो, सिदू हलगी वाजवून पाच चौकांत तो ओरडतो. चौदा वर्षं हेच चाललंय. इश्तिहारात रयतेला दिलेल्या शिव्या असतात, त्या मी मराठीत आणत नाही. ज्याच्या घरावर जप्ती यायची असते त्याच्या आळीत सिदू आदल्या दिवशी विनाकारण हलगी तापवत बसतो, ते त्याला कोण सांगतं, याची नोंद ठेवलीस का? याच नोकरीवर तू सोलापुरात शिकलास. हे ऐकवायचं नव्हतं. ऐकवलं.

अव्वानं विचारलं, "लेकानं काय लिवलंय?" मी आडाचं वाचून दाखवलं, हातांचं सोडून दिलं.

"जेवतो कुठं, ते लिवलंय का?"

"नाही."

"मग येवढं पानंच्या पानं काय लिवलंय?"

याचं उत्तर तू द्यावंस.

हणमंतप्पा


परंडा, ५ एप्रिल १९४८

गुरुलिंग,

अव्वा आज सकाळी लिंगैक्य झाली. फार त्रास झाला नाही. मळ्यात अप्पांच्या शेजारी समाधी दिली.

तू येऊ नकोस. नाक्यावर तुझं नाव दिलेलं आहे.

हणमंतप्पा


परंडा, ११ एप्रिल १९४८

गुरुलिंग,

अव्वा जिवंत आहे. आधी एवढं वाक्य पुन्हा वाच, मग खाली बस.

सोमवारी ती माळवदावर कुरडया राखत बसली होती. उन्हानं डोळा लागला असेल. एक कावळा बाजेवर न बसता तिच्या डोक्यावर बसला, टोच मारली आणि उडाला. ती ओरडत खाली आली. तुझ्या वहिनीनं हळद भरली, जखम बोराएवढीसुद्धा नव्हती. पण डोक्यावर कावळा बसलेलं माणूस वर्ष काढत नाही, हे तिच्या माहेरी, मैंदर्गीत, सगळे मानतात. त्यावर उपाय एकच. लांब असलेल्या जिवाभावाच्या माणसाला मेल्याचं खोटंच कळवायचं. ते रडलं की मरण फिटलं. दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं. मी नऊ वर्षांचा असताना मैंदर्गीच्या मावशीनं आपल्याला असंच कळवलं होतं. अव्वा रात्रभर रडली आणि सकाळी दुसरा माणूस गुळाचा खडा घेऊन दारात आला. तू तेव्हा जन्मायचा होतास.

मी म्हटलं, नागम्माला कळवू. तुझी लेकच आहे, मुरूमला माणूस दोन दिवसांत पोचेल.

"नागम्मा तर म्हैस आटली तरी रडती. तिच्या रडन्याला काय मोल? धाकट्याला लिव."

"अव्वा, तो तिकडं एकटा आहे."

"म्हनूनच. एक थेंब पुरं, पर खरा पायजे."

मी लिहीपर्यंत तिनं अन्नाला हात लावला नाही. बत्तीस ओळींचा इश्तिहार मी घटकेत मराठी करतो. त्या चार ओळींना दुपार लागली. रीतीप्रमाणं मरणाच्या पत्राचा कोपरा फाडताना तुझ्या वहिनीनं कागद हातातून काढून घेतला आणि तिनंच फाडला.

हे पत्र दुसऱ्या दिवशी निघायला हवं होतं. धुळाप्पाची मेंढरं नाक्यावर अडकून पडली, म्हणून उशीर झाला. समजून घे.

अव्वा बरी आहे. कुरडया चांगल्या वाळल्या.

हणमंतप्पा


परंडा, २ मे १९४८

गुरुलिंग,

पाडव्याचा अंक मिळाला. माझं दुसरं पत्र तुझ्या हाती पडण्याच्या आधी तो छापून वाटला गेला होता, हे धुळाप्पानं सांगितलं. तिथवर दोष तुझा नाही.

पण मी चार ओळी लिहिल्या होत्या. तू पाऊण पान लिहिलंस. 'वीरमाता रुद्रम्मा यांचे औषधपाण्यावाचून निधन. वेशीवर पहारा असल्याने वैद्यास आत सोडले नाही. अखेरच्या श्वासाबरोबर त्यांनी उद्गार काढले, लेकांनो, मागे फिरू नका.' गुरुलिंग, माझ्या पत्रात वैद्य कुठं होता? पहारा तुझ्यासाठी नाक्यावर होता, तो तू वेशीवर आणलास. आणि ते उद्गार? शाळेत गाईवर निबंध लिहितानाही तू गाईच्या तोंडी शेवटी दोन वाक्यं घालायचास.

अव्वाला वाचून दाखवावं लागलं, कारण धुळाप्पा दारातच बोलून बसला. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"असं मी कवा म्हनले?"

"नाही म्हणालीस."

"चांगलं हाय पर. पुन्ना वाच."

तीन वेळा वाचायला लावलं. मग तिनं धुळाप्पाला जवळ बसवलं.

"माझा लेक रडला का रे?"

"रडला म्हंजी? कागद वाचला आन् मटकन खाली बसला. हाताला छापायची शाई व्हती, तोच हात तोंडाला लावला. समदं तोंड काळं."

"किती येळ रडला?"

"आता ते म्या काय मोजलं न्हाय, अव्वा. मेंढरं उभी व्हती माझी."

"तरी?"

"लई येळ."

तिनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, "मग टळलं." त्या दिवशी दीड भाकर जेवली.

आता काम उरलं ते दुरुस्तीचं. मजकूर मीच करून देतो, तसाच घाल: 'मागील अंकात श्रीमती रुद्रम्मा यांच्या निधनाचे वृत्त आले होते. ते चुकीच्या माहितीवरून छापले गेले. त्या हयात असून त्यांची प्रकृती ठीक आहे.' चूक कोणाची, ते लिहायची गरज नाही. लिहायचीच असली तर माझं नाव घाल. या खेपेला हरकत घेणार नाही.

हणमंतप्पा


परंडा, २० जून १९४८

गुरुलिंग,

तीन अंक आले. दुरुस्ती एकातही नाही. काल तुझी चिठ्ठी आली, तेव्हा कारण कळलं.

तू लिहितोस की पंधरा-वीस गावांत अव्वासाठी सभा झाल्या. सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पातली माणसं तिचं नाव घेऊन शपथ घेतात. भूमचा ज्ञानोबा, दोन लेकरांचा बाप, तिच्या नावाचा जयजयकार करून मागच्या महिन्यात नाक्यावर चालून गेला आणि गोळी लागून पडला. 'आता ती जिवंत आहे असं छापलं, तर त्याच्या बायकोला काय सांगू, ते अण्णा तुम्हीच लिहून पाठवा.'

गुरुलिंग, तू विचारलंस म्हणून कागद घेऊन बसलो. मजकूर करणं हा माझा धंदा. पाच कागद फाडले. ज्ञानोबाच्या बायकोला ऐकवता येईल असं एकही वाक्य झालं नाही.

तेव्हा सध्यापुरतं तू म्हणतोस तसं, दुरुस्ती नको. पण राज्य बदललं की पहिल्या अंकात खरं छाप. तोवर अव्वाला ज्ञानोबाचं काही सांगत नाही. ती समजते की तू कामात आहेस, विसरलास. विसरभोळा म्हणवून घ्यायला तुला जड जाऊ नये.

हणमंतप्पा


परंडा, १० ऑक्टोबर १९४८

गुरुलिंग,

हिंदी फौज येऊन तीन आठवडे झाले. बार्शीला गेलेली माणसं बैलगाड्या भरून परतली. जो तो आपापल्या दाराशी उभा राहून कुलूप चाचपून बघत होता. आपल्या दारात गाडी आली नाही.

लोक अव्वाला भेटायला मात्र येतात. पहिल्या आठवड्यात रोज रांग. मागाहून बार्शीला गेलेला रामकिसन आला, दारातच थबकला.

"काकी, तुमच्यासाठी तर बार्शीत दोन मिनिटं उभं राहिलो व्हतो आम्ही."

"मग बस की आता. पाय दुखले आसतील."

घर हसलं. तोही हसला. पण जाताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, हे असंच राहू द्या. गुरुलिंगाचं नाव तालुक्याच्या कमिटीवर जायचंय. उगं कशाला?" मी विचारलं, तुझी आडत लुटली होती का रे? तेव्हापासून तो आडतीसमोरून जाणाऱ्या परक्या माणसांकडं बघतो तसा माझ्याकडं बघतो, म्हणजे बघत नाही. त्या पत्रकात प्रत्येकाचं काहीतरी आहे. कोणाची म्हैस, कोणाचा दरवाजा, कोणाची विटंबना. काही खरं, काही पिकलेलं. एक धागा ओढला तर आपलाही उसवेल, हे सगळ्यांना समजतं. म्हणून कोणी ओढत नाही. आता कोणी हसतही नाही.

तुझा शेवटचा अंक पाहिला. स्वागताचे, विजयाचे मजकूर. आपल्या आळीतल्या चांदभाई अत्ताराच्या घराला सप्टेंबरपासून कुलूप आहे. तू तान्हा असताना त्याच्या आईनं तुला बाळघुटी दिली होती. ती माणसं कुठं गेली, गेली की नाहीत, हे परंडेकरांस कळावे असं तुला वाटलं नाही. मलाही ते दवंडीत घालता आलं नाही, तेव्हा या बाबतीत आपण भाऊ शोभतो.

दवंडी चालूच आहे. हलगी तीच, सिदू तोच, मी तोच. इश्तिहार आता उर्दूत येत नाही, एवढाच फरक. सिदू म्हणतो, "मुन्शीजी, सरकार बदललं, पर घसा माझाच बसतो."

अव्वा रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसते. तू धाराशिवला आहेस, सोलापूरला आहेस, हैदराबादला गेलास, असं मी रोज वेगळं सांगतो. काल म्हणाली, "येवढ्या गावांस्नी जातो, वाटंत परंडा लागत न्हाय का?"

हणमंतप्पा


परंडा, २७ जानेवारी १९४९

गुरुलिंग,

रामकिसनच्या हाती दिलेली चिठ्ठी मिळाली. 'येत्या तेरा तारखेला शाळेच्या पटांगणात सत्कार आहे. बाहेरचे पाहुणे येणार. अव्वाला आठ-पंधरा दिवस नागम्माकडे पाठवावे. पुढे सवडीने सर्व नीट करू.'

सात महिन्यांत अव्वाबद्दल तू लिहिलेलं हे पहिलंच वाक्य, आणि ते तिला गावाबाहेर काढण्याचं.

मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. या खेपेला एक अक्षर सोडलं नाही. ती म्हणाली, "माझी लाज वाटती का त्याला?"

"नाही. तुला मेलेली छापलंय, ते अंगाशी यायला नको म्हणून."

"आरं, मग चुकून छापलं म्हनावं. चुकतं की मानूस. लिवनारंच चुकनार, न लिवनारं काय चुकतंय?"

ज्ञानोबाचं मी तरीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ती मुरूमला जाणार नाही म्हणते. तू बोलशील तेव्हा तुला लांबून बघणार म्हणते. मी अडवणार नाही. सत्काराच्या दवंडीचा मजकूर माझ्याकडंच आला आहे. तुझ्या नावाआधी काय काय लावायचं, ते रामकिसननं लिहून दिलंय. 'वीरमाता रुद्रम्मा यांचे सुपुत्र' हे शब्द सिदू आपल्या दारासमोर, चौथ्या चौकात, ओरडणार आहे. अजून वेळ आहे. एक ओळ लिहून पाठव, मी मजकूर बदलतो.

हणमंतप्पा


परंडा, १४ फेब्रुवारी १९४९

गुरुलिंग,

काल तू व्यासपीठावर होतास, मी मागं लिंबाच्या झाडाखाली सिदूजवळ उभा होतो. तुला सगळं दिसलं असेल असं नाही. म्हणून लिहितो.

अव्वानं ठेवणीतलं इरकली नेसलं होतं. तुझ्या वहिनीचा हात धरून गेली आणि बायकांच्या पहिल्याच ओळीत बसली. लांबून बघणार म्हणाली होती, पण डोळ्यांना आता लांबचं दिसत नाही. शेजारी एक तरणी बाई होती, कपाळ मोकळं, दोन लेकरं पदराशी. अव्वानं तिच्या धाकट्या पोराला मांडीवर घेतलं. मी बाईला ओळखलं नाही. अव्वा कशी ओळखणार?

तू बोलायला उठलास. चांगलं बोलतोस, ते कबूल. तिचं मरण तू पुन्हा सांगितलंस, वैद्य, पहारा, उद्गार, सगळं. आता त्यात शेवटचं पाणीही आलंय, तेही कोणी पाजू दिलं नाही असं. अव्वा ऐकत होती, मान हलवत होती. सगळं गाव समोर बसलेलं, तीनशे माणूस. तिच्याकडं कोणी बघितलं नाही. बघायचं नाही असं तीनशे माणसांनी एकाच वेळी ठरवलं, आणि दवंडीशिवाय ठरवलं.

मग तू ज्ञानोबाचं सांगितलंस. त्याच्या ओठांवर अखेरपर्यंत माझ्या आईचं नाव होतं, म्हणालास. त्याची पत्नी कडूबाई इथं आली आहे, म्हणालास. ती शेजारची बाई उठून उभी राहिली, तेव्हा तिचं पोर अव्वाच्या मांडीवर होतं. त्याच वेळी तुझी नजर तिथं गेली. तुझं वाक्य तुटलं. तू पाण्याचा पेला उचललास आणि न पिता ठेवलास. ते मात्र मला झाडाखालून दिसलं.

पाहुण्यांना काय ठाऊक? त्यातले चष्मेवाले म्हणाले की कडूबाईंना लुगडं-खण वीरमातेच्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या हातून द्यावं, हे शोभेल. रामकिसन बुटांकडं बघू लागला. पाहुणे तुझ्याकडं बघत होते. आणि तू अव्वाकडं हात करून म्हणालास, "ह्या माझ्या मावशी आहेत. आईच्या सख्ख्या बहीण."

सिदू माझ्या कानाशी म्हणाला, "मुन्शीजी, म्या निजामाचं समदं ओरडलो. पर हे मला ओरडता आलं नसतं."

मला वाटलं, अव्वा आता बोलेल. तिची एकच बहीण, मैंदर्गीची मावशी, ती वारून वीस वर्षं झाली, ते सगळ्यांसमोर सांगेल. मला तसं व्हायला हवं होतं. तुझं तोंड बघायला मी एक पाऊल पुढंही झालो.

ती उठली. पोराला खाली ठेवलं. लुगडं हातात घेतलं, कडूबाईच्या ओटीत घातलं. कडूबाई तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

"लई मोठी बाई व्हती तुमची भन," म्हणाली.

अव्वानं तिला उठवलं, डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "व्हय बाई. मोठी व्हती."

टाळ्या झाल्या. तू डोळे पुसलेस. ते अश्रू खरे होते की नाही, हे मी आता धुळाप्पाला विचारणार नाही.

घरी येईपर्यंत मी तोंड आवरलं. उंबऱ्यात आल्यावर ओरडलो, तिच्यावर. तिलाच ओरडायचं राहिलं होतं. का बोलली नाहीस?

"काय बोलू? तिचा नवरा माझ्या नावानं गेला. मी जिती हाय हे त्या पोरीला कुन्या तोंडानं सांगू?" मग म्हणाली, "तू मला ठावं का केलं न्हाईस, हणमंता? मी मुरूमला गेले आसते की."

गुरुलिंग, तुला दोष द्यायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता दुसरंच लिहावं लागतंय. ११ एप्रिलच्या पत्रात मी मेंढरं अडकली असं लिहिलं, ते खोटं. धुळाप्पा पहिलं पत्र पोचवून सहा तारखेला संध्याकाळीच परत दारात उभा होता. दुसरं पत्र लिहायला मला दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्याला परत पाठवलं. उद्या ये म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाच दिवस. 'त्या हातांची नोंद ठेवली जाईल' हे तुझं वाक्य मला पाठ झालं होतं, आणि तू बार्शीत आणखी थोडा रडावास असं मला वाटत होतं. अव्वाला एक थेंब हवा होता. मला जास्त हवं होतं. त्या पाच दिवसांत तुझा पाडव्याचा अंक निघाला. पत्र सहालाच निघालं असतं, तर पाऊण पान छापलं गेलं नसतं, शपथा झाल्या नसत्या. ज्ञानोबा तरीही गेला असता की नाही, ते मला माहीत नाही. तेवढं म्हणून मी रोज झोपतो.

तेव्हा तू छापलंस ते आधी मी लिहिलं, आणि नुसतं लिहून थांबलो नाही. दुरुस्तीची मागणी मी आता करत नाही. कडूबाई काल संध्याकाळीच भूमला गेली. तिला जाऊन कोण सांगणार, तू की मी?

आज सकाळी अव्वानं तुझ्या वहिनीला गहू भिजत घालायला लावले. गव्हाच्या खिरीची हुग्गी करायची आहे, तुला आवडते म्हणून. मला म्हणाली, गुरुलिंगाला लिव, पाहुणे गेले की जेवायला ये म्हनावं. मी म्हटलं, तो या घरी कसा येईल? लोकांसमोर काय म्हणून येईल?

"मावशीकडं यायला भाच्याला कुनाची चोरी हाय का?"

मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. ती म्हणाली, "तुला काय लिवायचं ते लिव, आन् खाली माझं येवढं घाल."

म्हणून घालतो. तू रामकिसनकडं उतरला आहेस, आपलं दार तिथून सातवं. जेवायची वेळ तीच. दारात आल्यावर तिला काय म्हणून हाक मारायची, ते तुझं तू ठरव. ती कशालाही ओ देईल.

हणमंतप्पा